आधी उंदीर पडत

भगूर हे नाशिकजवळचं, दारणेकाठचं गाव. १८९९ साली तिथे गाठीच्या तापाची साथ आली आणि सावरकरांच्या घरातले कर्ते पुरुष एकामागून एक गेले. दामोदरपंत गेले, पाठोपाठ त्यांचे भाऊ गेले. मग अकरा वर्षांचा धाकटा नारायण तापाने फणफणला. त्याला नाशिकच्या प्लेगच्या इस्पितळात ठेवलं. वीस वर्षांचा थोरला गणेश त्याच्या उशाशी राहिला आणि सेवा करता करता त्यालाही प्लेगने धरलं. मधला विनायक तेव्हा सोळा वर्षांचा होता. आई राधाबाई तर सहा-सात वर्षांपूर्वीच पटकीने गेल्या होत्या.

दोघे भाऊ वाचले. औषध नसेल तर गाठीच्या प्लेगात शंभरातली तीस ते साठ माणसं दगावतात, आणि तेव्हा औषध नव्हतंच. दोघांच्याही शरीराने स्वतःच्या बळावर तो रोग परतवला. नारायण पुढे डॉक्टर झाला.

हे घराणं महाराष्ट्राला राजकारणामुळे ठाऊक आहे, पण ते राजकारण हा या लेखाचा विषय नाही. पुढल्या दशकात विनायक लंडनला असताना त्याचा लहानगा मुलगा प्रभाकर देवीने गेला. म्हणजे वीस वर्षांच्या आत एकाच कुटुंबाने पटकी, प्लेग आणि देवी असे तीन रोग सोसले. नाशिक जिल्ह्यातल्या हजारो घरांची हीच कहाणी होती, फक्त त्या घरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. या तीन रोगांपैकी पहिले दोन जिवाणूंचे आणि तिसरा विषाणूचा. आज शाळेतलं पोर हा फरक सांगतं. पण १८९९ मध्ये जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही तो धड ठाऊक नव्हता, आणि त्या फरकावरच कोण जगणार नि कोण मरणार हे ठरत होतं.

*

प्लेगचा जिवाणू पहिल्यांदा दिसला तो हाँगकाँगमध्ये, जून १८९४ मध्ये. पाश्चरच्या शाळेत घडलेला अलेक्झांडर येर्सिन तिथल्या एका गवती झोपडीत सूक्ष्मदर्शक घेऊन बसला होता. मेलेल्या रुग्णाच्या जांघेतल्या गाठीतला पू त्याने काचेवर घेतला आणि त्यात आखूड, दोन्ही टोकांना गोलसर अशा काड्यांची दाटी पाहिली. जपानी शास्त्रज्ञ किटासाटो त्याच सुमारास त्याच शहरात हेच शोधत होते. जिवाणूला नाव मात्र पुढे येर्सिनचं मिळालं : येर्सिनिया पेस्टिस.

ही काडी साधारण दोन सहस्रांश मिलिमीटर लांब असते. मोजपट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये अशा पाचशे काड्या एकीला एक लावून बसतील. पण एवढ्याशा त्या काडीत सगळा संसार आहे. तिला स्वतःचं आवरण आहे, आत पेशीरस आहे, प्रथिनं तयार करणारे कारखाने आहेत आणि ४६ लाख अक्षरांची जनुकीय पोथी आहे. खायला मिळालं की ती खाते, वाढते आणि मधोमध दुभंगून एकीच्या दोन होतात. मानवेल असं हवामान नि अन्न मिळालं तर सव्वा तासात दोन, अडीच तासात चार. दिवस संपेपर्यंत एकीच्या पाच लाख. तिला वाढायला दुसऱ्याच्या पेशीचं घर लागतंच असं नाही. मांसाचा रस भरलेली बाटलीही तिला पुरते.

ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईत जे झालं ते त्या बाटलीमुळे झालं.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी एका रुग्णाचं निदान गाठीचा प्लेग असं केलं. मांडवी म्हणजे धान्याची वखार. बंदरातून आलेली पोती, त्या पोत्यांवर पोसलेले उंदीर आणि त्यांच्याच डोक्यावर चाळीत दाटीने राहणारी माणसं. ऑक्टोबरात सरकारने वाल्देमार हाफकिनला मुंबईला धाडलं. हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ त्याआधी बंगालमध्ये पटकीची लस टोचत हिंडला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि तिचा व्हरांडा एवढ्या जागेत त्याने काम सुरू केलं.

हाफकिनने मांसरसाच्या चंबूत वरून तुपाचे थेंब तरंगत सोडले. जिवाणू त्या तुपाच्या थेंबाला खालून धरून वाढले आणि छताला लोंबकळणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली लोंबू लागले. चंबू हलवला की सुळके तळाशी पडत आणि वर नवे वाढू लागत. काही आठवडे असं पीक घेतल्यावर ते सगळं तापवून जिवाणू मारायचे आणि थोडं कार्बोलिक घालायचं, की लस तयार. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. मेलेला जिवाणू रोग देऊ शकत नाही, पण त्याची ओळख शरीराला पटते. खरा जिवाणू आला की रक्तातला पहारा आधीच उभा असतो. तुपाच्या थेंबाखाली लोंबलेली ती काळाची बाग मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत अचंबा वाटावी अशी गोष्ट वाटते.

*

लस सगळ्यांपर्यंत पोहोचायची होती. त्याआधी पोहोचले ते सरकारचे हुकूम. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरं तपासायची, आजाऱ्याला उचलून इस्पितळात न्यायचं, घरच्यांना छावणीत ठेवायचं, रेल्वे स्टेशनवर उतारूंना उभं करून काखा-जांघा चाचपायच्या. पुण्यात तर हे काम गोऱ्या शिपायांना दिलं गेलं. ते सोवळ्याओवळ्याच्या घरांत देवघरापर्यंत बुटांनिशी शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली त्याच्या मागे हा सगळा संताप होता. पुण्याच्या त्याच साथीत मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या.

अपमान होता तो होताच. त्याच्या जोडीला एक साधी चूक होती आणि तिने माणसं मारली. रोग माणसाकडून माणसाला आणि घाणीतून होतो, असं धरून सगळी मोहीम आखली होती. गटारं धुतली, भिंतींना चुना लावला, जमिनींवर कार्बोलिकचे बंब मारले. बंब मारल्याने जमीन स्वच्छ झाली आणि बिळातले उंदीर शेजारच्या घरात गेले. जाताना ते पिसवा घेऊन गेले.

लोकांना काय दिसत होतं? आधी उंदीर पडत. तुळईवरून, माळ्यावरून, बळदातून झिंगत बाहेर येत आणि दिवसाढवळ्या अंगणात मरून पडत. मग आठ-दहा दिवसांनी घरात कुणाला तरी थंडी वाजून ताप भरे आणि जांघेत अवधाण येई. गावोगावच्या लोकांनी यातून एक नियम काढला होता : उंदीर पडला की घर सोडायचं. गावाबाहेर माळावर, शेतात, बोरूच्या नि कडब्याच्या झोपड्या घालून राहायचं आणि साथ सरली की परतायचं. महाराष्ट्रभर त्या काळात गावंच्या गावं अशी उठून माळावर गेली. कुणी मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेला, कुणी नवस बोललं. पण घर सोडणं या एका गोष्टीत लोकांचं निरीक्षण प्रयोगशाळांच्या पुढे होतं, आणि ते कुणी विचारलं नाही. अधिकाऱ्यांनी उंदरांची नोंद केली, पण लोकांच्या नियमामागे काही कारण असेल हे त्यांच्या डोक्यात यायला फार वेळ लागला. याबद्दल मला आजही राग येतो.

नाशिकची वस्ती १९०१ च्या शिरगणतीत साडेएकवीस हजारांच्या आसपास होती. तिथला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. मातीच्या जाड भिंती, लाकडी तक्तपोशी, खाली धान्याचं बळद, कोपऱ्यात कणगी, ओसरीवर पोत्यांची थप्पी. हा वाडा उन्हाळ्यात थंड राहतो आणि उंदरांना बाराही महिने सुखाचा असतो. काळा घरउंदीर माणसाच्या अगदी जवळ, छपरात नि भिंतीत राहतो. त्याच वेळी पाऊस दगा देऊन गेला होता. १८९९–१९०० चा दुष्काळ पडला आणि धान्य दूरदूरहून रेल्वेने, बैलगाड्यांनी येऊ लागलं. पोतं हलतं तिथे उंदीर नि पिसू हलतात. त्या दहा वर्षांत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

*

पिसवेचं गुपित २ जून १८९८ ला कराचीत उलगडलं. पॉल-लुई सिमों हा फ्रेंच डॉक्टर मुंबईत काम करून तिथे गेला होता. रुग्णांच्या पायावर कधीकधी एक बारीक फोड दिसे, त्यात प्लेगचे जिवाणू भरलेले असत, आणि तो फोड पिसू चावल्यासारखा असे. त्याने काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांसकट एक आजारी उंदीर ठेवला. तो मरणपंथाला लागल्यावर वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसवा उडी मारून पोहोचतील एवढंच अंतर ठेवलं. काही दिवसांनी वरचा उंदीर प्लेगने मेला.

त्याच वर्षी भारतात प्लेग आयोग नेमला गेला. त्याने या तर्काला महत्त्व दिलं नाही. भगूरच्या घरातून माणसं निघाली त्या १८९९ साली रोगाचा खरा रस्ता कराचीच्या बरणीत दिसून वर्ष उलटलं होतं, पण सरकारी चुन्याचे पोतेरे चालूच होते.

हे सिद्ध व्हायला परळची जागा आणि ग्लेन लिस्टन हा संशोधक लागला. परळचं जुनं गव्हर्न्मेंट हाउस ऑगस्ट १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा झालं होतं. तेच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट. लिस्टनने मुंबईच्या चाळींत, जिथे उंदीर पडले होते अशा खोल्यांत, गिनीपिग मोकळे सोडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा भरलेल्या असत. यजमान मेला की पिसू नवं अंग शोधते, गरम असेल ते. खोलीत उंदीर उरले नाहीत, तर माणूस होताच. १९०५ नंतर संशोधन आयोगाने मुंबईत हे पक्कं केलं. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला प्राणी मरे आणि दोन फुटांवरचा वाचे, कारण पिसवेची उडी तेवढी जात नाही.

पिसवेच्या पोटात काय होतं ते १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी लंडनला पाहिलं. जिवाणू तिच्या जठराच्या तोंडाशी एकमेकांना चिकटून बुळबुळीत गोळा करतात आणि वाट बंद होते. पिसू रक्त ओढते, रक्त पोटात जात नाही, ती उपाशीच राहते. वेडीपिशी होऊन पुन्हापुन्हा चावते आणि दर चाव्याला अडलेलं रक्त जिवाणूंसकट जखमेत परत ओकते. हा गोळा माफक उष्णतेतच टिकतो. पारा तिशीच्या बराच वर गेला की तो विरघळू लागतो. दख्खनच्या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस नि थंडीत प्लेग जोर धरी आणि कडक उन्हाळ्यात ओसरे, त्याचं एक कारण पिसवेच्या गळ्यातल्या या गाठीत आहे.

आता माळावरची झोपडी पाहा. घर सोडलं म्हणजे उंदरांचं बीळ सोडलं. अंथरूण उन्हात टाकलं म्हणजे पिसवा गेल्या. ओस घरात उंदीर मेलेले, माणसं नाहीत, पिसवा काही आठवड्यांत उपासमारीने मेल्या. महिन्या-दोन महिन्यांनी परतलं की घर निर्धोक. एका मुद्द्यावर लोकही चुकत. कुणी धान्याची पोती नि गोधड्या गाडीत घालून पाहुण्यांच्या गावी जाई आणि साथ तिथे पोहोचे. पण मूळ नियम बरोबर होता. पुढे सरकारनेच खेड्यांत घरं खाली करण्याला प्रोत्साहन दिलं.

*

आता देवी. या रोगाला ना उंदीर लागत ना पिसू. त्याचं घर एकच : माणूस. श्वासातून नि खपल्यांतून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायचं, एवढीच त्याची वाट. उलट हाच रोग टोचून टळतो, हे जेन्नरमुळे १७९६ पासून ठाऊक होतं. मुंबईत १४ जून १८०२ ला अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवी टोचली गेली. गाईच्या देवीची लस तिच्या दंडावरून पुढच्या मुलांच्या दंडावर गेली. दंडावरून दंडावर का न्यावी लागे? कारण ती बाटलीत वाढत नसे. मांसरस, तूप, काहीही द्या, वाढणार नाही. जिवंत पेशीच हवी. शंभर वर्षं लोक विषाणू जोपासत होते आणि तो काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

१८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस अत्यंत बारीक छिद्रांच्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. त्या गाळणीत जिवाणू अडकतात. खाली आलेला नितळ रस तरीही निरोगी पानाला रोग देई. १८९८ मध्ये हॉलंडच्या बाइयेरिंकने हेच पुन्हा केलं आणि म्हणाला की हे काहीतरी वेगळंच आहे, हे पेशीत शिरल्याखेरीज वाढत नाही. भगूरला प्लेग यायच्या एकच वर्ष आधी जगाला विषाणू ही कल्पना सुचली. दिसायला मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला, म्हणजे १९३९ साल.

*

मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्राने दिलेलं हे नाव. मान मोडून पडावं तसं अंग ठणके, माणूस उठू शकत नसे. या शब्दाइतकं नेमकं वर्णन मला कुठल्याही अहवालात आढळलं नाही.

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं, फौजेच्या बोटी बंदरात ये-जा करत होत्या. पहिली लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. मुंबईहून गाडी थळघाट चढून काही तासांत नाशिकला येते, आणि या तापाला अंगात दबा धरून बसायला एक-दोन दिवस पुरतात. माणूस मुंबईत बाधित होऊन, धडधाकट दिसत, घरी पोहोचे, आईला नमस्कार करी आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळे. प्लेगच्या वेळची ती काखा-जांघा चाचपायची तपासणी इथे काय कामाची? चाचपायला गाठच नव्हती.

आणि माळावर जाऊनही उपयोग नव्हता. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी झोपडीत राहून आपली माणसं वाचवली, त्यांच्यासाठी ही गोष्ट फार निष्ठुर होती. उंदीर पडले नाहीत. पूर्वसूचना काही नाही. झोपडीत दाटीने बसलेल्या माणसांचा श्वासच या रोगाचं वाहन होतं. प्लेगने जिथून उठवलं तिथून उठून काय करणार, कारण इथे बीळ माणसाच्या छातीत होतं. त्यात त्या साली पाऊसही कमी झाला होता, धान्य महागलं होतं. मुंबईत तथाकथित खालच्या जातींतली माणसं दर हजारी ६१ च्या आसपास मेली आणि युरोपियन दर हजारी आठ. विषाणू सगळ्यांसाठी एकच होता. पण जेवण, खोली, हवा नि उशाशी पाणी द्यायला मोकळा माणूस या गोष्टी सगळ्यांकडे सारख्या नव्हत्या. देशभर बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. घरात आजाऱ्यांच्या उशाशी बसायच्या त्याच, आणि शेवटी उरलंसुरलं खायच्या त्याही त्याच.

डॉक्टर काय करत होते? १८९२ मध्ये जर्मनीच्या फायफरने फ्लूच्या रुग्णांच्या थुंकीत एक जिवाणू पाहिला होता आणि हाच फ्लूचा कारक, असं जाहीर केलं होतं. १९१८ मध्ये प्रयोगशाळांनी थुंकी काचेच्या तबकडीवर घेतली, आणि कित्येक ठिकाणी तोच जिवाणू वाढला. वाढणारच. तबकडीवर जे वाढू शकतं तेच दिसणार. खरा गुन्हेगार त्याच थुंकीत होता, पण तबकडीत त्याला खायला काही नव्हतं आणि सूक्ष्मदर्शकाच्या नजरेला तो फार लहान होता. हाफकिनच्या तुपाच्या चंबूने प्लेगवर लस दिली. तीच रीत मानमोडीला लागू केली आणि तिने शास्त्रज्ञांना चकवलं. त्याच शरद ऋतूत ट्युनिसमध्ये निकोल आणि लबाई यांनी थुंकी गाळणीतून गाळली आणि नितळ द्रवानेही रोग होतो असं दाखवलं. ते ऐकणारे थोडे होते. १९३३ मध्ये लंडनला स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला फ्लू देऊन विषाणू पकडला, तेव्हा कुठे वाद मिटला.

हा विषाणू सुमारे एक दशसहस्रांश मिलिमीटरचा असतो. ज्या एका मिलिमीटरमध्ये प्लेगच्या पाचशे काड्या मावत होत्या तिथे हे दहा हजार मावतील. त्याच्यात संसार नाही. खाणं नाही, कारखाना नाही, स्वतःहून दुभंगणं नाही. जनुकांचे आठ तुकडे, सगळी मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास अक्षरं, वर प्रथिनांचं नि स्निग्ध पदार्थाचं पांघरूण. घशातल्या पेशीला तो चिकटतो, आत ओढला जातो, आपली अक्षरं मोकळी करतो, आणि पेशी स्वतःचं काम बाजूला ठेवून त्याची नक्कल करायला लागते. एका पेशीतून नव्या विषाणूंचा लोंढा बाहेर पडतो. नकला करताना चुका होतात आणि दरवर्षी फ्लूचा चेहरा बदलतो तो या चुकांमुळे.

मानमोडीत गेलेल्यांच्या जतन केलेल्या फुप्फुसांची तपासणी पुढे पुन्हा झाली, तेव्हा कळलं की बहुतेकांचा शेवट न्यूमोनियाने झाला. विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर खरवडून काढलं आणि घशात एरवी मुकाट राहणारे जिवाणू उघड्या जखमेत उतरले. दोघांनी मिळून माणूस मारला. फायफरचा जिवाणू म्हणूनच इतक्या ठिकाणी सापडत होता. तो चोरामागून आत शिरलेला दुसरा चोर होता. ही माहिती तेव्हा असती तरी उपचार नव्हता. पेनिसिलिन दहा वर्षांनी दिसलं आणि त्याहून बरंच उशिरा औषध म्हणून आलं. प्लेगवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ चं. ही औषधं जिवाणूच्या भिंतीवर नाहीतर त्याच्या प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्यावर घाव घालतात. विषाणूला भिंत नाही नि कारखाना नाही, म्हणून सर्दी-फ्लूला अ‍ॅंटिबायोटिक मागणाऱ्याला डॉक्टर नाही म्हणतात. भगूरच्या नारायणाला आज प्लेग झाला असता तर वेळेवर दिलेल्या इंजेक्शनांनी तो बहुधा बरा झाला असता. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी पुन्हा गाठीचा ताप आला, त्याच्याही आधी लोकांनी उंदीर पडताना पाहिले होते, आणि या वेळी औषधाच्या गोळ्या होत्या.

१९११ मध्ये भारताची लोकसंख्या सुमारे २५.२१ कोटी होती. १९२१ मध्ये ती २५.१३ कोटी भरली. दहा वर्षांत वाढ शून्याखाली, देशाच्या इतिहासातली तशी एकमेव शिरगणती. १९१८ च्या त्या काही महिन्यांनी भारतातले सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी लोक नेले, असे अंदाज आहेत. प्लेगने वीस-बावीस वर्षांत जेवढे नेले, त्याहून अधिक.

या विषाणूचा पूर्ण मजकूर २००५ मध्ये वाचून झाला. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन नावाच्या वस्तीत १९१८ चे मृत बर्फात पुरले होते. तिथल्या एका स्त्रीचं गोठलेलं फुप्फुस आणि अमेरिकन लष्कराने मेणात जपून ठेवलेले दोन सैनिकांच्या फुप्फुसांचे तुकडे यांतून जेफरी टॉबेनबर्गर आणि त्याच्या सोबत्यांनी अक्षरं जुळवली.

नाशिकला बर्फ नाही. इथल्या हिंदूंनी आपले मृत गोदावरीकाठी दहन केले, रक्षा रामकुंडात सोडली. मेणात जपलेलं इथे काही नाही. भगूर सोडून माळावर गेलेल्यांच्या झोपड्यांच्या खुणा पहिल्याच पावसात पुसल्या गेल्या असतील. राहिला तो शिरगणतीतला घटलेला आकडा आणि लोकांच्या तोंडचा एक शब्द : मानमोडी.